शून्य अधिक शून्य

“हे पेनानं कुणी लिहिलं?” मी विचारलं.

डॉक्टर शाहीन मुल्ला उभीच होती. आयसीयूच्या बाहेरच्या त्या चिंचोळ्या खोलीत मी पाऊल टाकलं तेव्हाच ती खुर्चीतून उठली होती, आणि मी ‘बस’ म्हटल्याशिवाय बसणार नव्हती. जयसिंगपूरला आमच्या हायस्कुलात नववी-दहावीला ती माझ्या वर्गात होती. विज्ञान मीच शिकवलं तिला. आता सांगलीच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात ती आयसीयूची डॉक्टर होती, गळ्यात स्टेथोस्कोप होता, पण माझ्यासमोर हात अजून पाठीमागेच जायचे.

“लॅबमधून तसंच आलंय, सर.”

“लॅबमधून छापून येतं. हे बघ. अठरा औषधांची नावं, अठरा ओळी, सगळं छापील. प्रत्येकापुढं आर. आर म्हणजे काय?”

“रेझिस्टंट, सर. त्या औषधाला जंतू दाद देत नाहीत.”

“बरोबर. आणि आपण अक्काला देतोय त्यातली कुठली? ही सातवी आणि ही सोळावी. दोन्हींपुढं आर. आणि मग सगळ्यात खाली, निळ्या पेनानं, ही अर्धी ओळ. शेवटी एस. शेजारी हे काय, दोन गोल काढलेत एकमेकांना चिकटून. हा रिपोर्ट आहे का बालवाडीची पाटी?”

“सर, ती दोन्ही एकत्र दिली तर—”

“थांब. वरचं खरं का खालचं?”

“दोन्ही खरं आहे, सर.”

“वर म्हणायचं औषध चालत नाही, खाली म्हणायचं चालतं, आणि दोन्ही खरं! वा! हे तुला मी शिकवलं?”

ती गप्प झाली. गप्प झालेलं पोर म्हणजे चूक कबूल केलेलं पोर, हे एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

माझा स्वभाव इथं सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी भूपाल मगदूम. शाळेत मुलं मागं मला ‘तोफ’ म्हणायची, मला ते माहीत होतं आणि आवडायचं. निवृत्त झाल्यावर ग्राहक संघटनेच्या तालुका शाखेचं काम अंगावर घेतलं. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप मागणारा मी. खोक्यासकट पेढे तोलणाऱ्याला भर बाजारात हात जोडायला लावणारा मी. आमच्या शिबिरांतून माझं एक ठरलेलं वाक्य असायचं: छापील कागद मागा, आणि छापील कागदावर पेनानं काही घातलेलं असेल तर तिथंच चोर पकडा. हे वाक्य शंभर वेळा तरी म्हटलं असेल. शंभरातल्या नव्वद वेळा चोर सापडायचाही. म्हणून तर वाट लागली.

आत काचेपलीकडं अक्का होती. माझी थोरली बहीण पद्मावती, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी दीड वर्षाचा असताना आमची आई गेली. अक्का चौथीत होती. तिचं नाव शाळेतून काढलं आणि मला तिच्या कडेवर दिलं. तिनं मला वाढवलं, आंघोळी घातल्या, पाटी पुसून दिली, आणि मी मॅट्रिक पास झालो तेव्हा पेपरातला माझा नंबर तिनं बोटानं चारदा चाचपला, कारण तिला आकडे यायचे, अक्षरं नीट यायची नाहीत. माझ्यात जे काही आहे ते तिनं शाळा सोडली म्हणून आहे. हे मी सभांतून कधी बोललो नाही.

मुतखड्याचं ऑपरेशन गावातल्या दवाखान्यात झालं होतं. साधंच होतं. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, पाचव्या दिवशी ती बरळायला लागली, मग सांगलीला आणलं. रक्तात जंतू गेलेत, आणि जंतू असे की कुठल्याच औषधाला जुमानत नाहीत, असं सांगण्यात आलं. मग रिपोर्ट आला आणि शाहीननं ती दोन इंजेक्शनं एकदम सुरू केली. एकाचं नाव अझट्रिओनाम. दुसऱ्याचं नाव एवढं लांब की ते म्हणायलाच दम लागावा. ती सुरू होऊन दोन दिवस झाले होते. आदल्या दिवसापासून ताप उतरणीला होता. त्या सकाळी अक्कानं नर्सला विचारलं होतं, माझा मालक जेवला का.

ताप उतरत होता हे मला माहीत होतं. हे मी लपवत नाही. पण रिपोर्टाचा कागद त्याच सकाळी माझ्या हातात आला. तोही मी मागितला म्हणून, रुग्णाचा हक्क म्हणून. आणि कागदावर अठरा आर होते.

“शाहीन,” मी म्हणालो, “सातवं औषध एकट्यानं दिलं तर जंतू किती मरतात?”

“एकट्यानं… नाही मरत सर.”

“म्हणजे शून्य. आणि सोळावं एकट्यानं?”

“शून्य. पण सर—”

“शून्य अधिक शून्य किती?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते. मी भुवया उंचावून उभा होतो, फळ्यापाशी उभा राहायचो तसा.

“शून्य, सर,” ती म्हणाली.

“मग?”

त्या ‘मग’चा मला केवढा आनंद झाला होता! आजही तो आवाज कानात येतो आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाहेर बाकावर दाजी बसले होते. अक्काचे यजमान, जिन्नाप्पा चौगुले. नळ-पाइपची कामं करायचे. शिक्षण सातवी. त्यांची कॅनव्हासची हत्यारांची पिशवी हॉस्पिटलातही बरोबर होती, कारण नातेवाइकांच्या बाथरूममधला नळ गळत होता आणि दाजींना गळता नळ बघवायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी तो कुणाला न विचारता दुरुस्त केला होता. त्या सकाळी मी जिना चढून आलो तेव्हा शाहीन त्यांच्याशेजारी बाकावर बसली होती आणि दाजी पिशवीतून पाइप फिरवायचे दोन मोठे पाने काढून तिला काहीतरी दाखवत होते. मला लाज वाटली. बायको आत मरणाच्या दारात आणि हा माणूस डॉक्टरला आपली हत्यारं दाखवतोय! मी आल्याबरोबर शाहीन उठली आणि दाजींनी पाने पिशवीत टाकले.

आता आमचा आवाज ऐकून ते दारात आले.

“काय झालं रे भूपाल?”

“काही नाही. जे औषध चालत नाही असं ह्यांचाच कागद सांगतोय, तेच अक्काच्या अंगात ओततायत. तेही एक नाही, दोन-दोन. त्या बिचारीच्या मूत्रपिंडाचा आधीच चोथा झालाय.”

“पर ताप उतराय लागलाय की.”

“ताप आपोआपही उतरतो.”

“असू दे की रे,” दाजी म्हणाले. “ही पोरगी म्हणती तर दोन्ही जोडीनं चालू देत. ते एकाचं काम न्हाई. माझ्या ध्यानात आलंय ते. आपल्या पाइपला बघ—”

“दाजी!” मी ओरडलोच. “तुम्ही पाइप जोडा. हे काम माझं आहे.”

दाजींनी मान खाली घातली आणि परत बाकावर जाऊन बसले. शाहीन त्यांच्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघत होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! पण तेव्हा मला वाटलं, मी माझ्या बहिणीसाठी लढतोय.

मग मोठे डॉक्टर आले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. महिन्याभरापूर्वीच कुणा पेशंटच्या माणसांनी त्यांच्या हॉस्पिटलच्या काचा फोडल्या होत्या, अजून एका खिडकीला पुठ्ठाच लावलेला होता. माझं नाव त्यांनी ऐकलेलं होतं. मी कागद त्यांच्यासमोर धरला, ग्राहक मंच म्हणालो, वर्तमानपत्र म्हणालो, आणि ‘छापील रिपोर्टवर पेनानं फेरफार’ हे शब्द दोनदा म्हणालो.

“फेरफार नाही हो तो,” ते थकून म्हणाले. “आमच्या लॅबच्या मुलीनं जादा टेस्ट केली आहे.”

“मग छापली का नाही?”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून कागद हातात घेतला. शाहीन मध्येच बोलली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, “सर, प्लीज. एक जरी बंद केलं ना, तर दुसऱ्याचा काही उपयोग नाही.”

मी तिच्याकडं वळलो. “म्हणजे दुसऱ्याचाही स्वतःचा उपयोग नाही, हे तू आत्ता सगळ्यांसमोर कबूल केलंस.”

“तसं नाही सर…”

“तसंच आहे. शब्द तुझे आहेत.”

तिचा ओठ थरथरला. तिला रडू येतंय हे मला दिसलं. दहावीला एकदा प्रयोगवहीवरून मी तिला वर्गाबाहेर उभी केली होती, तेव्हाही असाच थरथरला होता.

मोठे डॉक्टर म्हणाले, “दोन्ही बंद करायला मी तयार नाही. तुम्ही म्हणत असाल तर एक थांबवतो. पण लेखी द्यावं लागेल. आम्ही समजावून सांगितलं आणि नातेवाइकांनी नकार दिला, असं.”

एक थांबवतो! मला तो विजय वाटला. भाजीवाल्यानं भाव कमी केला की वाटतं तसा. मी म्हणालो, ठीक. अझट्रिओनाम थांबवा. का तेच? तर ते यादीत वर होतं म्हणून. ह्याहून दुसरं कारण नव्हतं.

सही नवऱ्याची लागत होती. मी कागद दाजींपुढं नेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मान वर करून त्यांनी शाहीनकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, सही कुठं करायची ते विचारतायत.

“इथं,” मी बोट ठेवलं.

“करू?” ते मला म्हणाले.

“करा की. मी आहे ना.”

दाजींनी सही केली. नळाच्या कामानं बोटं जाड झालेली, जि. चौ. एवढंच लिहायला त्यांना वेळ लागायचा.

दुपारी मला आत जाऊ दिलं. अक्कानं डोळे उघडले. तोंडातली नळी काढलेली होती, ओठ सोललेले होते.

“भूपाल,” ती म्हणाली, “भांडलास?”

“नाही अक्का.”

“खोटं. तुझा आवाज आला मला.”

“थोडं बोललो. तुझ्यासाठीच.”

“भांड,” ती म्हणाली, आणि हसल्यासारखं केलं. “तुझा आवाज आला की बरं वाटतंय बघ. आपलं कोण तरी हाय.” मग थोड्या वेळानं, “ह्यांना जेवायला घाल. दिवस मावळायच्या आत. नाहीतर तसेच बसतील उपाशी.”

मी दाजींना घेऊन खाली गेलो आणि आम्हा जैनांच्या रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताच्या आत जेवायला घातलं. तिनं मागितलेली ती शेवटची गोष्ट, तेवढी मी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप परत चढला. दुपारी एकशे चार. संध्याकाळी तिला पुन्हा नळी घातली. शाहीन माझ्यासमोरून दोनदा गेली, बोलली नाही. दुसऱ्यांदा ती थांबली आणि म्हणाली, “सर, अजून वेळ आहे. मी परत सुरू करते. तुम्ही फक्त हो म्हणा.”

मी काय म्हणालो ठाऊक आहे? “आता पेशंट बिघडला की नातेवाइकांच्या डोक्यावर खापर फोडायचं, ही पद्धत मला माहीत आहे.”

रात्रीच तिनं मोठ्या डॉक्टरांना फोन करून ते परत सुरू करून घेतलं, असं मला नंतर समजलं. पण तोवर रक्तदाब उतरला होता, लघवी थांबली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता अक्का गेली. दाजी पायाशी उभे होते. मी उशाशी. शाहीन भिंतीला टेकून उभी होती, हात पाठीमागं.

दिवस झाल्यावर मी स्वस्थ बसलो नाही. मला वाटत होतं की मी उशिरा पोचलो, दोन दिवस आधी रिपोर्ट मागितला असता तर त्यांना ती निकामी औषधं अंगात घालताच आली नसती. स्थानिक वर्तमानपत्रात माझा लेख आला. हॉस्पिटलचं नाव नव्हतं, पण सांगलीत सगळ्यांना कळलं. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, सर, तुम्ही होता म्हणून निदान सत्य बाहेर आलं. त्या रिपोर्टाचा मी मोठा फोटो करून घेतला आणि ‘रिपोर्ट वाचायला शिका’ असं एक व्याख्यानच बसवलं. शेवटच्या पेनाच्या ओळीभोवती लाल गोल काढला होता. तिथं आलो की मी थांबायचो, सभेकडं बघायचो आणि म्हणायचो, “आता सांगा, हे काय?” हशा व्हायचा. बहिणीच्या मरणाच्या कागदावर मी लोकांना हसवलं. दोन वर्षं. बावीस ठिकाणी.

तेविसावं ठिकाण एक फार्मसी कॉलेज होतं. मी लाल गोलापाशी आलो, थांबलो, म्हणालो, “आता सांगा, हे काय?” कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेत हेरवाडे म्हणून एक मॅडम होत्या, तिथं जंतुशास्त्र शिकवायच्या. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अरे वा! ही टेस्ट आपल्याकडं कुणी केली?”

“कुठली टेस्ट?”

“हीच की सर. ह्या कागदावर कामाची ओळ तेवढीच आहे.”

मी म्हणालो, “जरा सगळ्यांना समजेल असं सांगा.” मला वाटलं, त्यांनाही पकडू. त्या उठल्या आणि फळ्यावर त्यांनी एक मोठं वर्तुळ काढलं. ही काचेची बशी, म्हणाल्या, हिच्यात पेशंटचे जंतू वाढवायचे. औषधात भिजवलेली कागदाची चकती त्यात ठेवायची. औषध चाललं तर चकतीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल दिसतो. नाही चाललं तर चकतीपर्यंत जंतूच जंतू. हे एकेका औषधाचं झालं, ते वर छापलंय. आता काही जंतू असे असतात की ते औषध तोडणारे पदार्थच सोडतात, एक नाही, दोन-तीन प्रकारचे. एकट्या औषधाचा त्यांच्यापुढं निभाव लागत नाही. पण दोन औषधं शेजारी शेजारी ठेवली, तेच हे चिकटलेले दोन गोल, तर एक त्या तोडणाऱ्याला धरून ठेवतं आणि दुसरं जंतूला मारतं. दोन्ही एकेकटी निकामी. जोडीनं चालतात.

“आणि छापलं का नाही?” मी विचारलं.

“कॉम्प्युटरच्या नमुन्यात एका औषधाला एकच ओळ असते ना सर. जोडीला ओळच नाही. मग पेनानंच लिहितात आणि खाली सही करतात. ही बघा सही.” लाल गोलाच्या आतच ती होती. दोन वर्षं मी तिला उगाच ओढलेली रेघ समजत होतो. “ही टेस्ट कुणी मागवत नाही. ज्यानं कुणी केली त्यानं कामाचे तास संपल्यावर थांबून केली असणार.” मग त्या माझ्याकडं वळून उत्साहानं म्हणाल्या, “पेशंट वाचला असेल ना सर?”

दीडशे पोरं माझ्याकडं बघत होती.

“वाचली,” मी म्हणालो.

“वाटलंच,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी व्याख्यानं बंद केली. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. फोटो जाळला, पण त्यानं काय होतंय! शाहीनला पत्र लिहायला सात-आठ वेळा बसलो. ‘चि. शाहीन’ इथंच पेन अडायचं. आणि दाजींना सांगणं? दर रविवारी ते घरी यायचे, चहा प्यायचे, गळता नळ दिसला तर वायसर बदलून जायचे. अक्काचा विषय निघाला की मी पेपर उघडायचो. चार वर्षं मी त्या माणसासमोर पेपर उघडून बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला असता तर बरं होतं, मी तर दुसऱ्याचा भरलेला गाडा उलथवला.

मागच्या श्रावणात दाजी रविवार नसताना आले. पंचाहत्तरी उलटलेली, पाठीला पोक आलेलं. कमरेत दुखत होतं, लघवीला जळजळ होती, अंगात कणकण. त्यांनी कॅनव्हासच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

“लघवीचं कल्चर केलंय. वाच.”

मी घडी उलगडली. तीच छापील यादी. आर, आर, एस, आर. बहुतेकांपुढं आरच. खाली पेनानं काही नव्हतं, हे मी सगळ्यात आधी पाहिलं. मग अक्षरं फिरायला लागली.

“काय म्हणतोय कागद?” दाजींनी विचारलं.

“दाजी,” मी म्हणालो, “मला हे वाचता येत नाही.”

बाहेर कुणाचा तरी कुकर वाजत होता.

“तेव्हाही येत नव्हतं,” मी म्हणालो. “अक्काच्या वेळचं. ती दोन्ही औषधं जोडीनंच चालणारी होती. मी एक थांबवलं. मला चार वर्षं झाली हे कळून. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं. अक्काला मी मारलं, दाजी.”

मला वाटलं, ते मारतील. मारावं असं वाटत होतं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक पाना काढून टेबलावर ठेवला. मग दुसरा काढला आणि त्याच्या शेजारी ठेवला.

“गंजलेला जोड असतो का नाही,” ते म्हणाले, “त्याला एकच पाना लावला तर अख्खा पाइप फिरतोय. जोड सुटत न्हाई. एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. त्या दिवशी सकाळी ती पोरगी बाकावर मला समजावत होती औषधाचं. मी म्हटलं, बाई, हे तर आमचंच काम झालं. पाने काढून दाखवले तिला. ती म्हणाली, अगदी हेच काका, आता हेच मगदूम सरांना सांगा, तुमचं ऐकतील.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? सही करताना?”

“होय.”

“मग बोलला का नाही?”

“बोललो की,” दाजी म्हणाले. “तू म्हणालास, तुम्ही पाइप जोडा.”

मी रडलो. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. दाजींनी मला थोपटलं नाही आणि गप्पही बसवलं नाही. त्यांनी दोन्ही पाने परत पिशवीत ठेवले, बंद लावला.

“तू एकटा न्हाईस,” मग ते म्हणाले. “सही माझी हाय. मास्तर माणूस, शिकलेला, त्याच्यापुढं आपण काय बोलायचं, म्हणून मी गप्प. बायको माझी होती आणि मी मेहुण्याची भीड धरली. हे तुला कधी सांगावं कळंना. तू सारखा पेपर उघडून बसतोस.”

थोड्या वेळानं ते उठले. “चल. कपडे कर.”

“कुठं?”

“शाहीनकडं. शिरोळ रोडला तिनं स्वतःचा दवाखाना टाकलाय, तुला ठाऊक हाय. तू तो रस्ता सोडून जातोस तेपण मला ठाऊक हाय. एकट्याला रिक्षात चढवत न्हाई मला, म्हणून चल. पण तिथं नुसता बस. बोलू नको.”

दवाखान्यात गर्दी नव्हती. आम्ही आत शिरलो. शाहीनच्या कानापाशी केस पांढरे झाले होते. दाजींना बघून ती हसली आणि मग त्यांच्यामागं मी दिसलो. ती खुर्चीतून उठून उभी राहिली. हात पाठीमागं गेले.

‘बस’ म्हणायला माझी जीभ उचलेना. तो शब्द म्हणायचा हक्क माझा राहिला नव्हता. समोर पेशंटची खुर्ची होती, पण ती ‘बसा’ म्हटल्याशिवाय मला बसायचं नव्हतं, आणि मी म्हटल्याशिवाय ती बसायची नाही. दोघंही तसेच उभे. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण तिचा ओठ थरथरला.

दाजींनी खुर्ची ओढली, कमरेवर हात दाबत बसले आणि रिपोर्टाचा कागद तिच्या टेबलावर सारला.

“आता बसा की दोघंपण,” ते म्हणाले. “दुखणं माझं हाय.”